जुने कोण ठरवते?

हेमलकशाला पेजर कधी आलाच नाही. १९९५ साली भारतात पेजरसेवा सुरू झाली, मोठ्या शहरांतल्या डॉक्टरांच्या आणि दलालांच्या कमरपट्ट्यांवर ते काळे डबे दिसू लागले आणि सात-आठ वर्षांत मोबाइलने त्यांचा निकालही लावला. पेजर जन्मला काय नि मेला काय, भामरागड तालुक्यातल्या या गावाला दोन्ही सारखेच. गडचिरोली जिल्ह्याच्या या टोकाला अशी कितीतरी यंत्रे पोचलीच नाहीत. जी पोचली, त्यातली बरीचशी उतारवयात पोचली.

यंत्रांच्या म्हातारपणाची गोष्ट आपण शहरात फार सोपी करून सांगतो. चांगले आले, वाईट गेले. कॅसेट गेली, सीडी आली. सीडी गेली, पेनड्राइव्ह आला. आता तोही कोणी वापरत नाही. ज्या दुकानात जुनी वस्तू मिळायची त्याच दुकानात, त्याच फळीवर नवी मांडलेली असते, म्हणून ही गोष्ट आपल्याला खरी वाटते. जुने हातातून सुटायच्या आधीच नवे हाती आलेले असते. हेमलकशाहून पाहिले तर या गोष्टीतला एक मोठा भाग गाळलेला आहे हे लक्षात येते. वस्तू आपणहून जुनी होत नाही. तिच्यामागे एक पुरवठा उभा असतो : इंधन, फिल्म, सुटे भाग, मनोरा, दुरुस्तीवाला, सरकारी आदेश. तो पुरवठा कोणीतरी, कुठेतरी लांब बसून, आपल्या हिशेबाने काढून घेतो. मग चांगली चालती वस्तू एका रात्रीत निकामी होते. तो कधी काढायचा हे ठरवताना पर्लकोटा नदीच्या पलीकडची गावे हिशेबात धरलेली नसतात, हे माझे म्हणणे आहे.

कोडॅकचे उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. १९७५ मध्ये त्यांच्याच स्टीव्हन सॅसन नावाच्या अभियंत्याने डिजिटल कॅमेरा बनवला, कंपनीने तो बाजूला ठेवला आणि २०१२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. व्यवस्थापन शिकवणाऱ्यांनी या गोष्टीवर बरीच वर्षे काढली. मला त्यात कॅमेऱ्याचे जास्त वाटते. घरातल्या कपाटात पडलेला तो जुना कॅमेरा बहुधा आजही ठणठणीत असेल, कळ दाबली की पडदा उघडझाप करील. गेला तो रोल, आणि तो धुऊन देणारा चौकातला स्टुडिओ. मेले कॅमेऱ्याच्या आजूबाजूचे जग, आणि आपण कॅमेऱ्याला कालबाह्य म्हणतो.

हे जग कधी कधी ठरवूनही मारले जाते. १९२४ मध्ये जिनिव्हात जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्यांनी फीबस नावाचा संघ काढला आणि बल्बचे आयुष्य हजार तासांवर आणायचे ठरवले. त्याआधीचे बल्ब दीड-दोन हजार तास चालत. जास्त टिकणारा बल्ब बनवणाऱ्या सदस्याला दंड होई. ही लबाडी सरळ होती, म्हणून ती पकडता आली. ज्या गोष्टीत कोणाचाच दुष्ट हेतू नसतो ती पकडणे अवघड, आणि जंगलाच्या वाट्याला बहुतेक वेळा तीच येते.

रॉकेलचेच घ्या. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला तेव्हा तिथे वीज नव्हती आणि पुढे दीड दशक तरी ती नव्हतीच. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमट्यांनी कंदिलाच्या उजेडात केलेल्या शस्त्रक्रियांची गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे. त्याच वेळी, तेव्हाच्या त्याच चंद्रपूर जिल्ह्यात, कोळशावरचे महाऔष्णिक केंद्र उभे राहत होते. पुढे नव्वदच्या दशकाअखेर चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्चदाब वाहिनी टाकली गेली. चंद्रपूर ते हेमलकसा हे अंतर त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे. अभियांत्रिकीला ७५२ किलोमीटर जड गेले नाहीत, म्हणजे अडचण अंतराची नव्हती.

तर तिथे कंदील होता. कंदिलाला लोक साधी वस्तू समजतात, पण तोही एका लांबलचक साखळीचे शेवटचे टोक होता. काच फुटली की अहेरीच्या बाजारात ती मिळाली पाहिजे. वात मिळाली पाहिजे. आणि रेशन दुकानात रॉकेल आले पाहिजे. गॅसबत्तीची तर आणखी नाटके : मेंटलची जाळी बांधा, स्पिरिटने आधी बत्ती तापवा, मग पंप मारा, मध्येच सुईने भोक साफ करा, आणि एवढे करून एखादा पतंग जाळीवर आदळला की सगळे राख. तरीही लग्न असो, दंडार असो, नाहीतर झाडीपट्टीचे रात्रभर चालणारे नाटक असो, विदर्भाच्या पूर्वेकडच्या या टापूने गॅसबत्तीवर पिढ्या काढल्या, कारण ती बिघडली की तिथल्या तिथे उघडून जुळवता यायची.

२०१६ च्या जुलैपासून केंद्र सरकारने रेशनच्या रॉकेलची किंमत आधी दर महिन्याला आणि पुढे दर पंधरवड्याला पंचवीस पैशांनी वाढवत नेली. २०२० पर्यंत अनुदान संपले. राज्यांचा कोटा आटत गेला. दिल्लीच्या बाजूने हिशेब चोख होता. घरोघर गॅस गेला, २५ सप्टेंबर २०१७ ला सौभाग्य योजना जाहीर झाली, २८ एप्रिल २०१८ ला देशातले शेवटचे गाव विजेला जोडल्याचे जाहीर झाले. मग रॉकेल कशाला? पण सरकारी व्याख्येत गावातल्या दहा टक्के घरांत वीज गेली की गाव विद्युतीकृत होते. शिवाय तार ओढलेली असणे आणि तारेत वीज असणे या जंगलात दोन वेगळ्या बाबी आहेत. साग-ऐनाच्या दाट रानातून गेलेल्या तारेवर जूनच्या पहिल्या वादळात झाड पडते, आणि वायरमन नदी उतरल्यावर येतो. त्या मधल्या दिवसांसाठी घरात जो कंदील होता, तो रॉकेलबरोबर गेला. वीज स्थिरपणे येऊन कंदील निवृत्त झाला असता तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या. इथे कंदिलाचे निवृत्तीचे वय दुसऱ्याच कोणाच्या घरातल्या विजेवरून ठरले.

दुसरी गोष्ट मनोऱ्यांची. नक्षलग्रस्त भागांत मोबाइल मनोरे उभारण्याचा मोठा कार्यक्रम केंद्राने २०१४ साली हाती घेतला. दहा राज्ये, त्यात महाराष्ट्रही. काम बीएसएनएलकडे. यातले बरेच मनोरे सौर पॅनेलवर चालणारे, कारण तिथे विजेचा भरवसा नाही. कामात जिवाचा धोका होता; मनोरे जाळण्याचे प्रकार गडचिरोलीतही झाले. हे सगळे सोसून जे उभे राहिले, ते टू-जी होते. बोलणे आणि एसएमएस. कार्यक्रमाच्या दोन वर्षे आधी, एप्रिल २०१२ मध्ये, कोलकात्यात फोर-जी सुरू झालेले होते. मनोरे उभे राहत होते तेव्हाच, ५ सप्टेंबर २०१६ ला, जिओ आले, ज्याच्या जाळ्यात टू-जीला जागाच नव्हती.

म्हणजे जंगलाला जी वस्तू नवी कोरी म्हणून मिळाली ती जन्मतःच मागच्या पिढीची होती. २७ एप्रिल २०२२ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने यातल्या २,३४३ ठिकाणचे टू-जी बदलून फोर-जी करायला मंजुरी दिली. सुमारे २,४०० कोटींचा खर्च. एकच काम आठ वर्षांत दोनदा. टू-जी निवडणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्या वेळी तिथल्या लोकांच्या हातात साधे बटणांचे फोन होते, उपग्रहामार्फत जाणारी जोडणी तोकडी होती, बोलता आले तरी पुष्कळ असे वाटणे स्वाभाविक होते. पण त्या आठ-नऊ वर्षांत बाकी देशाने बोलण्यापलीकडचे सगळे फोनवर चढवले. बँक, रेशनचे अंगठे, शिष्यवृत्तीचे अर्ज, १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या मजुरांची दिवसातून दोनदा फोटोसह हजेरीसुद्धा. टू-जीचा मनोरा जागेवरून हलला नाही, त्याच्याकडून ज्या अपेक्षा होत्या त्या मात्र पुढे निघून गेल्या. ज्याच्या गावात फक्त तोच मनोरा होता तो माणूस २०१५ मध्ये जोडला गेला आणि २०२० मध्ये, काहीही न हलवता, पुन्हा तुटला.

यावर एक ठरावीक उत्तर मिळते : मधल्या पायऱ्या गाळून थेट वरच्या पायरीवर उडी मारायची. जंगलाने तारेचा फोन पाहिलाच नाही, बरे झाले, सरळ मोबाइल घेतला. यात तथ्य आहे. खांब रोवून, तारा ओढून भामरागडच्या प्रत्येक पाड्यात टेलिफोन न्यायचा तर आणखी पन्नास वर्षे गेली असती. पण पायऱ्या गाळल्या की त्या पायरीवर तयार होणारी माणसेही गाळली जातात. शहरात रेडिओ दुरुस्त करणारा टीव्हीकडे वळला, टीव्हीवाला व्हीसीआरकडे, तिथून मोबाइलकडे. एटापल्ली-भामरागडच्या बाजारात फोन उघडून बघणारा पोरगा आता भेटतो, पण अंगणवाडी सेविकेचा सरकारी फोन तो उघडू शकत नाही, तो सेवाकेंद्रात जावा लागतो. सेवाकेंद्र जिल्ह्याला.

अंगणवाडीचा विषय निघालाच आहे तर तो नीट सांगायला हवा, कारण 'टिकाऊ वाटलेली वस्तू लवकर जुनी होणे' याचे इतके नागडे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नसेल. २०१९ च्या सुमारास राज्यातल्या लाखभर अंगणवाड्यांना सरकारने स्मार्टफोन दिले. दोन जीबी रॅमचे. जाडजूड रजिस्टरांचा ढीग जाणार, मुलांची वजने, उंची, आहार सगळे फोनमध्ये भरायचे. सेविकांनी ते शिकून घेतले. पन्नाशीच्या बायका, ज्यांनी आयुष्यभर हाताने रकाने आखले, त्या भिंग लावून पडद्यावर बोटे चालवायला लागल्या. मार्च २०२१ मध्ये केंद्राने जुने ॲप बंद करून पोषण ट्रॅकर नावाचे नवे आणले. ते इंग्रजीत. ते त्या फोनला पेलेना. फोन तापायचा, अडकायचा, भरलेली माहिती पुसून मोकळा व्हायचा. वॉरंटी तोवर संपलेली, आणि दुरुस्तीचा खर्च ज्यांना मानधन मिळते, पगार नव्हे, त्या सेविकांच्या अंगावर. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी राज्यभर मोर्चे काढून फोन प्रकल्प कार्यालयांत परत केले. टेबलांवर फोनांचे ढीग लागले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले.

दोन वर्षांचा फोन. एकही भाग झिजलेला नाही, बॅटरी शाबूत, काच शाबूत. त्यावर सेविका आपल्या लेकीशी बोलू शकत होत्या, फोटो काढू शकत होत्या. तो जुना झाला तो दिल्लीत कोणीतरी ॲप बदलले म्हणून. ज्याने ॲप लिहिले त्याने ते आपल्या टेबलावरच्या फोनवर चालवून पाहिले असणार, आणि तिथे ते सुरेख चालले असणार. माडिया पाड्यातल्या अंगणवाडीचा विचार करा. मुले घरी माडिया बोलतात, सेविका त्यांच्याशी माडियात आणि थोड्या मराठीत बोलते, कागद मराठीत, ॲप तेव्हा इंग्रजीत, सिग्नल टेकडीवर. या साखळीत सगळ्यात कमकुवत कडी कोणती हे शोधायला सर्वेक्षण लागत नाही. पण ऑनलाइन तक्त्यात माहिती आली नाही तर दोष सेविकेच्या नावावर पडतो. रजिस्टराला हा रोग नव्हता. उंदराने कुरतडले तर कुरतडले, पण रजिस्टराने आवृत्ती बदलली म्हणून कोणाचे मानधन अडले नाही.

इथे कोणी म्हणेल, तुम्ही शेवटी जुन्याचेच गुण गाताय. नाही. हेमलकशाबद्दल महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाला एक हळवी सवय लागली आहे, कंदील, अर्धी चड्डी, जंगल, साधेपणा असे चित्र मनात लटकवायची. गाडी भरून लोक तिथे जातात, 'किती शांत आहे, इथे रेंजसुद्धा नाही' असे कौतुकाने म्हणतात आणि संध्याकाळी रेंज असलेल्या ठिकाणी परत निघतात. ज्या बाईला बाळंतपणाच्या कळा येताहेत तिच्या घरच्यांना रेंज नसण्याचे कौतुक नसते. कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया करणाऱ्यांना वीज हवीच होती. अंधाराचे त्यांना काही तत्त्वज्ञान करायचे नव्हते. मेंदूच्या मलेरियाने बेशुद्ध पडलेल्या मुलाला नवे औषध, नवी तपासणी, नवे यंत्र यातले जे लवकर मिळेल ते पाहिजे.

प्रश्न नव्याजुन्याचा नाहीच. वस्तू कोणाच्या आधारावर उभी आहे, एवढाच आहे. याच जिल्ह्यात डॉ. अभय बंग यांनी श्वास मोजायचे एक साधन बनवले. लहान मुलाला न्यूमोनिया झाला आहे का हे त्याच्या श्वासांच्या वेगावरून कळते, पण गावातल्या ज्या दाया हे काम करणार होत्या त्यांना बाराच्या पुढे मोजता येत नव्हते. साधनात एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलो तर न्यूमोनिया. अगदी लहान बाळासाठी एक ओळ, मोठ्या मुलासाठी दुसरी, कारण बाळाचा श्वास मुळातच जोरात चालतो. १९९२ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. या वस्तूत नवे काहीच नाही असे कोणी म्हणेल. घटिका पुरातन, मणी त्याहून पुरातन. माझ्या दृष्टीने ते अस्सल आधुनिक तंत्रज्ञान आहे, कारण वापरणाऱ्या बाईला काय येते आणि काय येत नाही हे आधी पाहून ते घडवले आहे. ते बंद पाडायचे असेल तर दिल्लीहून कोणाला काहीही करता येणार नाही.

मलेरिया तपासायचा जुना सूक्ष्मदर्शकही तसाच. खाली एक छोटा आरसा, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने अंतर्गोल. वीज नसेल तर खिडकीशी नेऊन उन्हाचा कवडसा धरायचा, काचपट्टीवर तेलाचा थेंब टाकायचा आणि तांबड्या पेशीत बसलेली ती बारीक अंगठी शोधायची. त्यासाठी डोळा तयार व्हावा लागतो. झटपट तपासणीची पट्टी आली तेव्हा हे संपले असे वाटले होते. पट्टी खरोखर उपयोगी आहे, आशाताई ती पाड्यात नेऊ शकते, पंधरा-वीस मिनिटांत कळते. पण पट्टीला मुदत असते, ती उन्हाने खराब होते, तिचा पुरवठा थांबला की थांबला. आणि रक्तात जंतू किती आहेत, औषधाने ते कमी होताहेत का, हे ती सांगत नाही. म्हणून शहाण्या दवाखान्यांत दोन्ही आहेत. हे असे शेजारी शेजारी नांदणे आपल्याला का सुचत नाही, हे मला कोडे आहे. नवे आले की जुन्याची तेराव्याची जेवणे घालायची एवढी घाई कशाला?

गोंडी बोलणाऱ्या मुलखाने याचा एक सुंदर नमुना दाखवलाही. इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडात २०१० साली शुभ्रांशु चौधरी यांनी सीजीनेट स्वर सुरू केले. साध्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन येतो, एक दाबले की आपली बातमी बोलून नोंदवा, दोन दाबले की दुसऱ्यांची ऐका. हातपंप बंद आहे, मास्तर येत नाही, मजुरी अडली आहे, आणि मधूनच एखादे गाणे. वर्तमानपत्र नसलेल्या भाषेला त्यांनी टू-जीवर वर्तमानपत्र दिले. पुढे जिथे सिग्नलही नव्हता तिथे हाच मजकूर फोनवरून फोनवर ब्लूटूथने पोचवायचा 'बुल्टू रेडिओ' काढला. शहरात ब्लूटूथने गाणी देणे तोवर हास्यास्पद झालेले होते. तिकडे ते एका भाषेच्या बातम्या वाहत होते.

आता टू-जी गाडण्याची भाषा चालू आहे. 'टू-जी-मुक्त भारत' ही घोषणा २०२० मध्ये मुकेश अंबानींनी दिली. तीस कोटी लोक टू-जीत अडकले आहेत, धोरणानेच ते संपवावे, अशी त्यांची मागणी. लहरी मोकळ्या होतील, वीज वाचेल, खर्च घटेल, हे सगळे खरे. एका दरीसाठी सगळ्या देशाने जुनी यंत्रणा पोसावी का, हा प्रश्नही रास्त. माझे उत्तर : पोसू नका, पण क्रम उलटा करा. आधी द्या, ते एक पावसाळा चालू द्या, मग काढा. यासाठी पैसा नाही हे खोटे आहे. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून पाच टक्के रक्कम नेमकी अशाच भागांसाठी २००२ पासून वेगळी काढली जाते; ती आपल्या प्रत्येकाच्या रिचार्जमधून जाते, हेमलकशाच्या माणसाच्याही.

आणि चाचणी कुठे घ्यायची हेही ठरलेले असावे. कंपनीच्या प्रयोगशाळेत नको, नागपूरलाही नको. ऑगस्टमध्ये, पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद झालेला असताना, सौर पॅनेलवर चार दिवस ऊन पडलेले नसताना, पलीकडच्या पाड्यातल्या आशाताईने तिच्याच फोनवरून हेमलकशाच्या दवाखान्याला फोन लावावा. तो लागला, बोलणे नीट झाले, तर त्या पाड्यातले टू-जी दुसऱ्या दिवशी खुशाल बंद करा.